घोडीचा वाटा

लग्न होऊन मी वसईला आले, त्या वर्षी आमच्या आळीची नजर दोन पोटांवर होती. एक माझं आणि एक आमच्या घोडीचं. माझ्या पोटात काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण माझं कोणी विचारत नव्हतं. घोडीच्या पोटात काय आहे यावर मात्र आमच्या ओटीपासून चर्चच्या वळणापर्यंत वेगवेगळी मतं होती, आणि ती सगळी मला येऊन सांगितली जात, जणू मी तिची धाकटी जाऊ.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. सासरचे लोक पिढीजात बागायतदार. केळी, पानवेली, सोनचाफा, थोडी भाजी. मी दादरच्या नोकरदार घरातली. घोडा मी फक्त वरातीत पाहिलेला, तोही मागून. इथे मात्र अंगणात उतरलं की पहिली भेट घोडीशीच व्हायची. उंचीकडे पाहिलं तर ती तट्टूच होती, पण तिला तट्टू म्हटलेलं माझ्या सासऱ्यांना खपत नसे. सगळी आळी त्यांना आबा म्हणायची आणि ते घोडीला बाय म्हणायचे.

आबांची घोडागाडी होती. रोज पहाटे आळीतल्या सगळ्या वाड्यांच्या दारात थांबत, केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या चढवत ती स्टेशनापर्यंत जायची, तिथून माल मुंबईला. मग टेम्पो आला. टेम्पो लवकर पोचायचा आणि त्याला चारा लागत नसे. माझं लग्न ठरेपर्यंत गाडी घरामागच्या छपरात गेली होती आणि बाय वाडीत मोकळी चरत होती. काम बंद झालं होतं, खाणं बंद व्हायचं काही कारण नव्हतं.

ती फुगत गेली. दोन्ही बाजूंनी इतकी, की समोरून पाहिलं तर पखवाजाला कोणी डोकं लावलंय असं वाटावं. मानेवर चरबीची एक कडक वळी आली होती आणि ती जराशी एका बाजूला कललेली असे. सासूबाईंनी निदान केलं की बायला दिवस गेलेत. त्यांनी तिच्या आंबोणात मेथीचे लाडू कुस्करायला सुरुवात केली. मी विचारलं, की आई, पण घोडा कुठून आला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वावगं बोलले. म्हणाल्या, "ते आपल्याला कशाला?"

मी नवी सून होते. शिवाय घरातली बोली मला निम्मी कळायची आणि निम्मी मी हसून साजरी करायचे.

श्रावणात एका सकाळी बाय गोठ्यातून बाहेर येईना. पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन ती उभी होती, मागे न दिसणारी आरामखुर्ची असल्यासारखी. माझ्या नवऱ्याला वाटलं आळस चढलाय. सासूबाईंना वाटलं कळा सुरू झाल्या आणि त्यांनी पाणी तापत ठेवलं. मला काहीच वाटलं नाही, कारण घोडी उभी कशी राहते हेच मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. आबा मात्र तिच्या पायाशी बसले. त्यांनी खुरावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर स्कूटरवरून आले. गाई-म्हशींतच आयुष्य गेलं, घोडं हाताखाली क्वचितच येतं, असं त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. त्यांनी बरगड्या शोधल्या. बोटं दाबली, आणखी दाबली, सापडल्या नाहीत. मानेची वळी चिमटीत धरून हलवून पाहिली. मग हिला कोण काय देतं, असं विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. सासूबाईंनी वाडीतल्या केळ्यांचं सांगितलं, लाडूंचं सांगितलं आणि कारणही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "पोटात शिंगरू नाही, आजी. केळी आहेत."

मग ते आबांशी बोलले, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलला. अंगावरची चरबी, त्यात हे पावसाळ्यातलं लुसलुशीत गोड गवत, त्यामुळे खुराच्या आत सूज आली होती. आतलं हाड सुटू लागतं आणि खाली वळतं. या वेळी औषध आहे. पण वजन उतरलं नाही तर पुन्हा होणार. "पुन्हा झालं तर ही बसेल, आणि बसली तर उठायची नाही. मग मला बोलवाल, आणि मी आणीन ते इंजेक्शन बरं करायचं नसेल."

डॉक्टर गेल्यावर आबा घरामागे गेले आणि छपरातली गाडी ओढून काढून धूत बसले. भर पावसात, चाकं, दांड्या, सगळं. नवऱ्याने मला खुणेने सांगितलं, राहू दे. मी राहू दिलं, पण मला त्यातलं काही कळलं नाही. घोडी आजारी आणि आंघोळ गाडीला.

बायच्या पथ्याची जबाबदारी माझ्याकडे आली. कारण मी रसायनशास्त्राची पदवीधर होते आणि दुसरं कोणतंच काम मला धड येत नव्हतं. मी ती भूमिका मन लावून केली. कमरेला पदर खोचून अंगणाच्या मध्यभागी उभी राहिले आणि फर्मानं सोडली. चणे बंद. गूळ बंद. कोंडा बंद. लाडू बंद. केळ्याचं नावसुद्धा काढायचं नाही. गवत तासभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे त्यातली साखर उतरते, आणि ते पाणी फेकून द्यायचं. सासूबाईंनी ते साखरेचं पाणी बोट बुडवून चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. गोठ्यात समुद्राची वाळू टाकली, पायांना मऊ लागावं म्हणून. जुने नाल काढून खूर तासून घेतले. आणि नवऱ्याने काथ्याचं मुसकं विणलं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ना, तसलंच, फक्त खाली एक भोक ठेवलेलं, म्हणजे पाणी पिता येईल आणि गवताची काडी-काडीच तोंडात जाईल. मुसकं घातलेली बाय मला बघून अशी उभी राहायची, की पाहणाऱ्याने मला तुरुंगाधिकारीच समजावं.

पाय निवले. डॉक्टरांनी हळूहळू चालवायला सांगितलं. आबा रोज सकाळी तिला दोरीला धरून घेऊन जायचे आणि बऱ्याच वेळाने परत यायचे. दोघंही खुशीत दिसायची. मी समाधानी होते.

वजन कसं मोजायचं, तर पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती सुतळी गुंडाळायची आणि जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायची. घेर कमी झाला की पुढची गाठ अलीकडे येईल. दर रविवारी माझा हा विधी चालायचा आणि बघायला आळीतली माणसंही येत. पहिल्या रविवारी गाठ होती तिथेच. पुढच्या रविवारी ती पलीकडे गेली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी पलीकडे.

मी सुतळीकडे पाहिलं. सुतळीने माझ्याकडे पाहिलं. पेंढा आणि धुतलेलं गवत खाऊन, तोंडाला मुसकं बांधून, रोज चालून कोणी जाड कसं होईल? नवऱ्याचं म्हणणं, सुतळी ओली होऊन आटते, म्हणून गाठ खोटं बोलते. मी सुतळी चुलीशी वाळवली. गाठ आणखी पलीकडे गेली. मग मी माणसांवर संशय घेऊ लागले. सासूबाईंच्या लाडवांचा डबा उघडून पाहिला. नवऱ्याच्या खिशात चणे सापडतात का बघितलं. सापडले, पण ते तो स्वतः खात होता. एकदा तर गोठ्याच्या दारात रांगोळी पसरून ठेवली, चोराची पावलं उमटावीत म्हणून. सकाळी तीत फक्त माझीच पावलं होती, कारण मीच तीनदा तपासायला गेले होते.

शेवटी नवऱ्याने वजनकाट्याचा उपाय काढला. तो सातिवलीला एका कारखान्यात होता आणि तिथल्या गोदामापाशी ट्रक तोलायचा काटा होता. टेम्पोत पेंढा अंथरून बायला चढवलं. तोच टेम्पो, ज्याने तिचं काम घेतलं होतं. ती चढताना त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. आधी बायसकट टेम्पो तोलायचा, मग तिला उतरवून रिकामा तोलायचा आणि वजाबाकी करायची. शाळेतलं गणित. पण पहिल्या वेळी आबा तिच्याजवळ मागे उभे होते, ते उतरायला तयार नव्हते. दुसऱ्या वेळी ते घोडीला धरून खाली, पण तोवर ड्रायव्हर चहाला गेलेला. आम्ही आलेला आकडा घेऊन परत आलो. त्यात घोडी होती, आबा होते, ड्रायव्हर होता, आणि कोण किती हे कोणालाच सांगता येत नव्हतं. वाटेत नवरा म्हणाला की एकूण कुटुंबाचं वजन वाढलंय एवढं नक्की.

त्या आठवड्यात आबांना ताप आला. बायला चालवायला मी निघाले.

निघाले म्हणजे काय, दोरी माझ्या हातात होती एवढंच. रस्ता तिचा होता. मला वाटलं होतं, तळ्यापर्यंत जाऊ आणि वळू. ती फाटकातून बाहेर पडली आणि ठाम पावलांनी उजवीकडे गेली, पहिल्या वाडीच्या दारात थांबली आणि पुतळा झाली. मी ओढलं. पुतळा. मी विनवलं. पुतळा. इतक्यात आतून शेजारच्या ख्रिस्ती मावशी आल्या. लाल काठाचं लुगडं, हातात पिकलेली केळी. आजारी माणसाच्या कपाळावरचा हात काढावा तितक्या अलगद त्यांनी मुसक्याची गाठ सोडली, केळी एकेक करून भरवली, सालंसुद्धा, तोंड पुसलं आणि मुसकं पुन्हा बांधलं. माझ्यापेक्षा व्यवस्थित.

"मावशी," मी म्हटलं, "तिला केळी बंद आहेत."

"ठावं हाय. आबा बोलले."

"मग?"

"ही केळी नाय गो. हा तिचा वाटा."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं समजतेय. मी पुन्हा सांगितलं, अगदी शांतपणे, की डॉक्टरांनी सांगितलंय, पाय जातील. मावशींनी मान हलवली. त्यांना घोडीचं वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "गाडी तुम्ही बंद केली, सूनबाय. आम्ही वाटा बंद नाय केला."

बाय पुढच्या दाराकडे निघाली होती.

पुढच्या दारात कालचा पाव होता. त्याच्या पुढच्या दारात, बागायतदारांच्याच घरी, गुळाचा खडा आणि मूठभर भिजवलेले चणे. प्रत्येक दारात मुसकं सुटायचं आणि बांधलं जायचं. प्रत्येक घराला वाटत होतं की आपण एवढंसंच देतो. मी नको म्हटलं की लोक दुखावून आबांची तब्येत विचारत, आणि मी चुपचाप दोरी सैल सोडत असे. ज्या फेरीवर तिचं वजन उतरायचं, त्याच फेरीवर ती पंगत जेवून येत होती. घरी परतताना माझ्या डोक्यात एकच गोंधळ होता. आबा रोज हे बघत होते. त्यांच्याइतका जीव तिच्यावर कोणाचाच नव्हता. मग?

आबा गोधडीत बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांना कळलं.

त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत. गाडीचं भाडं त्यांच्या वडिलांनीही कधी घेतलं नव्हतं. शेजाऱ्याच्या टोपलीचं भाडं घ्यायचं नसतं. टोपली चढवताना दारातून घोडीचा वाटा मिळायचा, मूठभर, फणीभर, जे असेल ते. ज्याच्या दारचा वाटा, त्याच्याशी आपलं येणंजाणं. कोणाशी बिनसलं तर सगळ्यात आधी वाटा थांबायचा, आणि मग सगळ्या आळीला कळायचं की बिनसलं.

"टेम्पो आला," ते म्हणाले, "मला वाटलं दारं गेली. मी बायला चालवायला काढली, तर ती आपसूक थांबली, आणि ती माणसं वाटा घेऊन बाहेर आली. आता मी नको कसं म्हणू? नको म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "आणि ती बसली तर?"

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी तिथेच उभी. डॉक्टरांचं औषध मला ठाऊक होतं, गवतातली साखर कशी उतरते ते ठाऊक होतं, पण अख्ख्या आळीला एका घोडीच्या तोंडापासून दूर कसं ठेवायचं, आणि तरी आबांची दारं कशी उघडी ठेवायची, हे कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. नवरा म्हणाला, दुसऱ्या रस्त्याने ने. नेऊन पाहिलं. ती त्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला पुतळा झाली आणि मला माघारी यावं लागलं. दारोदार जाऊन समजवावं म्हटलं, तर दोन घरांत चहा झाला आणि तिसऱ्या घरात मला आमच्या घरात काही वाद झालाय का असं विचारलं गेलं.

उत्तर सासूबाईंकडून आलं, आणि त्यांना ते उत्तर आहे हेही ठाऊक नव्हतं. आम्ही अळूची पानं चिरत होतो. मी कुरकुरत होते, की वर्षानुवर्षं ही दारोदार खात आली, तेव्हा कशी जाड झाली नाही? त्या म्हणाल्या, "तेव्हा कुठे खायची? तोंडात लगाम असायचा. वाटा टोपलीत पडायचा, गाडीच्या मागे बांधलेल्या. घरी आला की मी त्यातला थोडा तिला द्यायची, बाकी आपण खायचो. तुझा नवरा त्याच केळ्यांवर मोठा झालाय."

मी विळी बाजूला ठेवली.

टोपली गेली होती. एवढंच झालं होतं. गाडी छपरात गेली, गाडीबरोबर टोपली गेली, आणि लोकांच्या हातातला वाटा ठेवायला घोडीच्या तोंडाशिवाय जागा उरली नव्हती.

बायला पुन्हा गाडीला जुंपता येईल का, ते डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खूर दाबून पाहिले, तिला मऊ जमिनीवर आणि मग रस्त्यावर चालवून पाहिलं, आणि म्हणाले की अजून महिनाभर थांबा, मग रिकामी गाडी, सावकाश, कडेच्या मातीतून. तो महिना आबा एकटेच फेरीला जायचे, बायशिवाय, हातात टोपली घेऊन. प्रत्येक दारात सांगायचे की बायने बोलावणं पाठवलंय, वाटा इथे टाका. पहिल्या दिवशी लोकांना हसावं की काय कळेना. एक जण म्हणाला, "आबा, आता तुम्हीच ओढता का?" आबा म्हणाले, "बाय बरी होईस्तोवर मीच." त्या संध्याकाळी टोपली भरून केळी आली, आणि त्यात एक पाव.

नवरात्रानंतर गाडी निघाली. आबांनी टोपी धुतली होती. गाडी तर केव्हाच धुऊन तयार होती, आणि तेव्हा कुठे मला ती श्रावणातली आंघोळ कळली: बायला पुन्हा गाडीला जुंपायचं आबांनी त्याच दिवशी मनात धरलं होतं. बाय दांड्यांमध्ये उभी राहिली, लगाम तोंडात, आणि मावशींच्या दारात थांबली. मावशी सवयीने मुसकं सोडायला पुढे झाल्या, ते नव्हतंच. क्षणभर त्या केळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग गाडीच्या मागे गेल्या आणि टोपलीत टाकली.

"असंच होतं ना आधी?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "असंच."

इतक्या केळ्यांचं करायचं काय, हा पुढचा गोंधळ. राजेळी जातीची होती, ऊन कडक पडलं होतं, म्हणून सासूबाईंनी ती सोलून चटईवर वाळवली आणि सुकेळी करून केळीच्या सुक्या सोपटात बांधली. मग वाटायचं कोणाला? ज्यांनी दिली त्यांनाच. पुढच्या फेरीत आबा दारोदार सुकेळी देत गेले आणि त्याबदल्यात लोकांनी आणखी केळी दिली. कोणाचा वाटा कोणाकडे फिरतोय याचा मला आजही पत्ता लागलेला नाही. माझ्या नवऱ्याला मात्र त्या हिवाळ्यात सुतळी कमी पडू लागली.

बायची गाठ अलीकडे आली. मग आणखी. पौषात एका सकाळी आबांनी मला हाक मारली, माझा हात धरला आणि तिच्या कुशीवर ठेवला. "दाब," ते म्हणाले. मी दाबलं. बोटांखाली एक बरगडी लागली, आणि तिच्याशेजारी दुसरी. आम्ही दोघं तिथे बरगड्या मोजत उभे राहिलो.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्याची होती. गवत पुन्हा तसंच लुसलुशीत वर आलं. आबा रोज उठून आधी गोठ्यात जायचे, चारही खुरांवर एकेक करून तळवा ठेवायचे आणि तिथूनच घराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "थंड." मग सासूबाई चहा टाकायच्या. त्या शब्दाआधी आमच्याकडे चहा होत नसे.

तेव्हा मला सातवा महिना होता. एका सकाळी मी दारात उभी होते, पाय जरा पुढे, भार सगळा मागे, कंबर हातांनी धरलेली. फाटकाशी मावशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोठ्यातल्या बायकडे पाहिलं, जी आता चारही पायांवर सरळ उभी होती, आणि काळजीने विचारलं, "हिचे पाय थंड हायत ना?"

गोठ्यातून आबा म्हणाले, "थंड."

मावशी म्हणाल्या, "तिचे नाय. सूनबायचे."